शैलाताईंनी ठेवून घेतलेले कागद

ज्या माणसाबद्दल तुम्ही चारचौघांत संशय पेरलात, तो माणूस गेल्यावर त्या संशयाचं तुम्ही काय करता?

शैलाताई गेल्याचं त्यांच्या धाकट्या बहिणीनं फोनवर सांगितलं. "तुझ्या नावाचा कागदांचा गठ्ठा आहे इथे," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "सगळे आहेत ना?" ... लाज वाटते, पण पहिलं हेच विचारलं.

मी चळवळीची पत्रकं वाचत वाढले. कल्याणच्या आमच्या घरात पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून जेवायचो. प्रत्येक ओळीचा काही उपयोग असलाच पाहिजे, ही शिस्त. पोस्टर काढता यावं म्हणून नौपाड्यात ताईंच्या चित्रकलेच्या वर्गाला गेले, तर त्यांनी मला माझीच चप्पल काढायला बसवलं. तीही पेन्सिल पुठ्ठ्याच्या भोकातून घालून, म्हणजे हात दिसू नये, नजर चपलेवरच राहावी. "काय गं, क्रांती करायला गेलेलीस ना? चप्पल काढून आलीस!" भाऊ हसला. मग एकदा ताई म्हणाल्या, "आज राग काढ. मूठ नाही, झेंडा नाही, नुसत्या रेघा." मी पेन्सिल इतकी दाबली की कागद फाटला. तो फाटका कागदही त्यांनी ठेवून घेतला.

तिथेच माझं डोकं फिरलं. सगळ्यांचेच कागद त्या ठेवून घ्यायच्या. "सहा महिन्यांनी देईन." का? आमच्या रेघा त्या स्वतःच्या चित्रांत वापरतात, असं मी ठरवून टाकलं, आणि बाहेर बोलले. तिघी वर्ग सोडून गेल्या. ताईंना तोंडावर विचारलं, तर म्हणाल्या, "तू तसं कुठे बघितलंस का?" उत्तर टाळतायत, असं वाटून चौथ्या महिन्यात मीही गेले.

परवा त्यांच्या खोलीत गठ्ठा सोडला. वर पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी: "सहा महिने झाले. आपण काढलंय हे विसरलं की आपलं चित्र दिसतं. आता बघ."

मी आधी कागद मोजले. एकही कमी नव्हता. तरी पुन्हा मोजले... मग ती चप्पल पाहिली. अंगठा तुटायला आलेला, टाच आतल्या बाजूनं झिजलेली. मी अशी चालते, हे मला माहीत नव्हतं.

कपाटात अजून बरेच गठ्ठे आहेत, त्या तिघींचेही. महिनाअखेरीला खोली रिकामी करायची आहे. शैलाताईंकडे शिकला असाल, तर या आणि आपला गठ्ठा घेऊन जा. आणि तुम्ही तिघी, माझ्या शब्दावर गेलात. आता माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. स्वतः येऊन बघा.