विळ्याची जखम आणि अदखलपात्र नोंद

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, घरीसुद्धा नाही. एका बाईची तक्रार मी मुद्दाम चुकीची लिहिली होती. स्वेच्छानिवृत्ती घेतली, तरी ती सकाळ जशीच्या तशी समोर येते.

नाशिक जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी ठाणे अंमलदार होतो. कांदा निवडायला जाणारी एक विधवा आली. हाताला फडकं गुंडाळलेलं.

"दिरानं विळा मारला साहेब. घर सोड म्हणतो."

विळा लिहिला की गुन्हा दखलपात्र. मग पंचनामा, अटक, सगळंच आलं. महिनाअखेर होती, आणि गुन्हे वाढलेले वरच्यांना खपत नसत. मी लिहिलं, 'हाताने मारहाण'. वाचून न दाखवता सही घेतली, नक्कल हातात दिली.

"अदखलपात्र म्हंजी काय?"

"कोर्टाच्या हुकुमाशिवाय आम्हाला तपास करता येत नाही. कोर्टात जा."

"मग ह्यो कागद काय चुलीत घालू?"

आठवड्याने पोलीस पाटलांचा फोन आला. "साहेब, दीर गावभर मिरवतोय, पोलीस माझं काय करत नाय म्हणून. बाईला घरात शिरू देत नाय."

दिराला बोलावून तक्रार वाचून दाखवली. खोटं बोलणारा सहसा फार बोलतो. हा एवढंच म्हणाला, "विळा कुठला? तुमच्याच कागदात 'हाताने मारहाण' लिहिलंय ना साहेब?" मी त्याला जाऊ दिलं.

वाट त्या बाईनेच काढली. पहिल्या दिवशी ठाण्यातून ती थेट सरकारी दवाखान्यात गेली होती. केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलं होतं: धारदार हत्याराची जखम, चार टाके. तो कागद तिने माझ्या टेबलावर ठेवला. गुन्हा दाखल झाला, दिराच्या कांदाचाळीतून विळा जप्त केला, त्याला अटक केली. पण पुरवणी जबाबात मी स्वतःला वाचवलं. 'भीतीपोटी विळ्याचे आधी सांगितले नाही,' असं तिच्या तोंडी घातलं.

कोर्टात दिराच्या वकिलाने तिला त्यावरच धरलं. ती म्हणाली, "मी पयल्याच दिवशी सांगितलं. ह्या साहेबांनी लिवलं नाय." नंतर माझी साक्ष झाली. तिने सांगितलं नव्हतं, असं मी म्हणालो. डॉक्टरांच्या कागदावर दिराला शिक्षा झाली. बाई आपल्या घरात राहिली.

आता ती गावातल्या बायकांसोबत ठाण्यात जाते. "आधी वाचून दाखवा, मग सही," म्हणते. नवे अंमलदार निमूट वाचून दाखवतात, असं कळतं. ऐकून बरं वाटतं.

दखलपात्र काय आणि अदखलपात्र काय, हे कायदा ठरवतो असं आम्ही लोकांना सांगायचो. ठाण्यात पुष्कळदा ते लिहिणाराच ठरवतो, हे मी त्या केसमध्ये शिकलो.

शपथेवर मी तिला खोटं पाडलं. हे तिच्यासमोर कबूल करणं आणि तसं लेखी देणं माझ्याकडून अजून बाकी आहे.