कुलूपबंद प्रोसेसर आणि जुना बोर्ड

२०१६ साली घोलवडच्या घरी माझ्या दोन याद्या चालू असत. एक चिकूच्या बागेची: तोडणी, पेट्या, ट्रक. दुसरी नवऱ्याची: गोळ्या, रक्तदाब, अंघोळ, डहाणूची फिजिओथेरपी. आदल्या वर्षी झटका येऊन त्यांची उजवी बाजू गेली होती. बोलता येत होतं, पण बोलत नसत.

एका सकाळी अचानक म्हणाले, "मला एक मदरबोर्ड आणून दे."

भाच्याने त्यांना एक प्रोसेसर दिला होता. तो लॉक केलेला, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या पुढे न जाणारा. पण काही ठरावीक बोर्डांवर मूळ घड्याळाचा, म्हणजे ज्या ठोक्यावर सगळं चालतं त्याचा, आकडा शंभराच्या वर नेता येतो आणि मग तोही पळतो, हे यांनी शोधून काढलं होतं.

"अहो, सरळ वेगवान प्रोसेसरच आणू या."

"तो तू आणलेला होईल. मला हाच पळवून बघायचाय."

मी कागद घेतला. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. बोर्डाचा कारभार बघणारा चिपसेट वरच्या दर्जाचा. वीज पुरवणाऱ्या भागावर उष्णता ओढून घेणारा जाड हीटसिंक, कारण आपल्याकडचा उकाडा. आणि बायोस, म्हणजे बोर्डाच्या पोटातला मूळ प्रोग्राम, जुनाच हवा. नव्या बायोसमध्ये कंपनीने ही पळवाट बुजवली होती.

तलासरीचा गुजराती दुकानदार हसला. "बेन, लॉक प्रोसेसरला हा बोर्ड? सायकलला ट्रकचे टायर लावता काय?"

"लावते. बायोसच्या चिपवरचं आवृत्तीचं स्टिकर दाखवा."

"हा पीस जुना आहे. नव्या स्टॉकमधला देतो ना."

"मला जुनाच द्या."

"चिकूवाल्या तुम्ही, आणि शिळा माल मागता!"

पुढचे तीन आठवडे घरात आवाज होता. ते डाव्या हाताने आकडा वाढवत, मशीन पुन्हा सुरू करत, मी वहीत लिहीत असे. एकशे दहा, चाललं. एकशे पंचवीस, बंद पडलं. व्होल्टेज थोडं वाढवलं, चाललं. या युक्तीत प्रोसेसरचं तापमान पडद्यावर खरं दिसत नाही. मग मी प्रोसेसरवरच्या हीटसिंकवर हात ठेवायचे. पिकायला घातलेल्या चिकूच्या पेटीत हात घालून किती गरम झालंय ते आम्ही ओळखतो, तसंच.

"सांग, पेटी उघडायची का?" ते विचारायचे.

"अजून एक दिवस राहील."

एकशे चाळीसवर मशीन रात्रभर टिकलं. सकाळी त्यांनी भाच्याला स्वतः फोन केला. झटक्यानंतर पहिल्यांदाच.

पुढच्या आठवड्यात ते फिजिओथेरपीला गेले असताना मी टेबल आवरत होते. पडद्यावर सूचना होती: बायोसची नवी आवृत्ती उपलब्ध आहे. राहिलेलं काम दिसलं की मला ते संपवल्याशिवाय राहवत नाही. बायोस जुना हवा, हे मीच कागदावर लिहून घेतलं होतं. तरी मी बटण दाबलं, दहा मिनिटं थांबले, आणि काम झालं म्हणून स्वयंपाकाला गेले.

ते परत आले. मशीन शंभरवर होतं. त्यांनी आकडा वाढवला, तो शंभरवर परत आला. पुन्हा वाढवला. पुन्हा शंभर.

"काय केलंस?"

मी सांगितलं. जुनी आवृत्ती परत घालायचा त्यांनी संध्याकाळपर्यंत प्रयत्न केला. बोर्ड ती घेईना.

"दुसरा बोर्ड आणते," मी म्हणाले. "उद्याच जाते तलासरीला."

"नको." त्यांनी डाव्या हाताने मशीन बंद केलं. "विचारायचं होतंस. वर्षभर माझं सगळं तू न विचारता करतेस. अंघोळ कधी, जेवण कधी, डहाणूला कधी. हे एक माझं होतं."

मी उगाच टेबलावरची धूळ पुसली.

"उद्या डहाणूला जायचं का?" मी विचारलं. हा प्रश्न मी त्यांना आधी कधी विचारला नव्हता.

"नाही."

मी रिक्षावाल्याला फोन लावला. "उद्या येऊ नका."

"का हो काकी? काकांना बरं नाही?"

"बरे आहेत," मी म्हणाले. "ते नको म्हणाले."