उतरणाऱ्याला विचारा

तेव्हा रत्नागिरीला आगबोट किनाऱ्याला लागत नसे. पडावात बसून तिच्यापर्यंत जावं लागे. अशाच एका पडावात तो माझ्यासमोर बसला होता. जयगडकडचा म्हातारा खलाशी, पांढरी दाढी, मांडीवर पत्र्याची ट्रंक. मी नुकताच इंजिनिअर झालो होतो आणि नगररचना शिकायला विलायतेला जायचं ठरवलं होतं. हातात तिथल्या दोन कॉलेजांची माहितीपत्रकं होती. एक नामांकित आणि महाग, दुसरं स्वस्त पण कुणी नावही न ऐकलेलं. वडिलांची पुंजी एकदाच पुरणार होती, म्हणून चूक परवडणारी नव्हती.

"काय वाचताय एवढं?" त्यानं विचारलं. मी अडचण सांगितली. महागड्या कॉलेजच्या झकास चित्रावरून त्यानं अंगठा फिरवला.

"आमी बोट धरताना रंग बघत नाय. गोदीवर उतरणाऱ्या खलाशाला विचारतो, परत हिच्यावर चढशील काय? आणि तो बोलायच्या आधी त्याचं तोंड बघतो."

मुंबईत मी दोन्हीकडून शिकून आलेल्यांना गाठलं. पहिले साहेब कॉलेजच्या इमारतीचंच कौतुक करत राहिले. दुसरे गृहस्थ, मास्तरांनी गल्लीबोळ कसे पायी फिरवले ते सांगू लागले आणि त्यांचा चहा तसाच निवला. मी स्वस्त कॉलेजात अर्ज केला. आजही पस्तावलेलो नाही.

पडाव आगबोटीला लागला तेव्हा मी त्या खलाशाला विचारलं होतं, "चाचा, तुम्ही चढाल का परत तुमच्या बोटीवर?"

आधी त्याचं तोंड उजळलं. मग ट्रंक खांद्यावर घेत तो म्हणाला, "मुंबईला तिच्यावरच चढायला चाललोय की! सातव्यांदा."