रुळांनी अडवलेली वाट

कळसच्या शिवारातून कारखान्याचे रूळ जाणार, ही बातमी आली तेव्हा माझ्या लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं. छोट्या इंजिनामागं डबे जोडून ऊस थेट कारखान्यात न्यायचा, असा बेत होता. गावात दुसरा विषयच उरला नाही. ऊस वाहणारे गाडीवाले चिडले होते आणि त्यांच्यात माझे सासरे सगळ्यांत पुढं. "बैल बुजतील, ठिणगी पडून फड पेटंल," असं ते भेटेल त्याला सांगायचे. दुकानवाले चाचा मात्र खूश होते. रुळाचे मजूर चहा-गुळाला त्यांच्याकडंच यायचे.

चावडीवर दोन बैठका झाल्या. बायकांना कुणी विचारलं नाही. मला तर रूळ हवेच होते. माझं माहेर बारामतीचं, आगगाडी बघतच मी मोठी झाले होते.

मग मुरमाचा भराव पडला आणि कालव्याकडची आमची वाट बुजली. कमरेएवढी उभी चढण. चढताना हात टेकावे लागत, मग डोक्यावरचा गवताचा भारा धरायचा कुणी? चार दिवसांत माझी चुलत जाऊ तिथं घसरली आणि तिचं मनगट मोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दहा-बाराजणी भाऱ्यांसकट भरावापाशी थांबलो. कामावरचे साहेब आले. मी पदर सावरला आणि पुढं झाले.

"साहेब, आमाला रूळ नकोत असं न्हाई. वाट पायजे."

"अहो, एवढासा तर चढ आहे," ते हसले.

मी माझा भारा त्यांच्यापुढं ठेवला. "मग हा घ्या डोक्यावर, आन् पलीकडं जाऊन दावा."

मजुरांनी हातातली घमेली खाली ठेवली. साहेबांनी टोपी काढली आणि खरंच भारा उचलून घेतला. तिसऱ्या पावलाला पाय सरकला. भारा एकीकडं, साहेब दुसरीकडं. कुणी हसलं नाही, मीसुद्धा नाही. फार कष्टानं.

कपडे झटकत ते म्हणाले, "बाई, उतार कुठं पाहिजे ते दाखवा."

मी पायानं रेघ मारून दाखवली. आठवड्यात दोन्ही बाजूंना बैलगाडी जाईल असा उतार झाला, रुळांच्या मधे फळ्या बसल्या.

घरी सासरे दोन दिवस धुसफुसत होते. सून परक्या माणसाला भर वाटेत बोलली, हे त्यांना खुपलं होतं. पण हंगामात फडापासून रुळापर्यंत ऊस न्यायला बैलगाड्या लागल्याच. बैल चार दिवस बुजले आणि मग इंजिनाशेजारी उभं राहून वैरण खाऊ लागले.

पुढच्या वर्षी रूळ वाढवायचे ठरले तेव्हा साहेब आमच्या दारात आले. वाट कुठं सोडायची, असं त्यांनी सासऱ्यांना विचारलं.

सासऱ्यांनी घराकडं तोंड करून हाक मारली, "सूनबाई, भाईर ये गं. तुलाच ठावं हाय ते."

मी हात पुसले आणि साहेबांच्या पुढं चालू लागले.