अकरा दिवसांचा आवाज

माझी मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली. नगरच्या दवाखान्यात ती महिनाभर काचेच्या पेटीत होती, श्वासासाठी तोंडातून नळी घातलेली. त्या नळीने ती जगली. पण त्याच नळीने तिच्या श्वासनलिकेत आतून जखम झाली, आणि जखम भरता भरता श्वासाची वाटच आवळत गेली. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

बेलापूरला घरी आणल्यावर श्वास घेताना तिच्या गळ्यात शिट्टीसारखा आवाज यायचा. सासूबाई म्हणायच्या, "बाळदमा हाय, मोठी झाली की जाईल." आम्ही वाफा दिल्या, औषधं दिली. चौथ्या महिन्यात एका दुपारी तिचे ओठ निळे पडले. तिला पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी दुर्बिणीने तपासलं आणि खिशातलं पेन उघडून आतली रिफिल दाखवली. "एवढीच जागा उरली आहे," ते म्हणाले. त्याच दिवशी तिच्या गळ्याला खालच्या बाजूला भोक पाडून नळी बसवली.

शुद्धीवर आल्यावर ती रडायला लागली. तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी, चेहरा लालभडक, आणि आवाज काहीच नाही. सगळा श्वास नळीतूनच बाहेर जात होता. मी सिस्टरना विचारलं, "हिचा आवाज कुठं गेला?" त्या म्हणाल्या, "आता तुम्हाला हिच्याकडे बघतच राहावं लागेल."

तसंच झालं. नळीतला कफ मशीनने ओढून कसा काढायचा ते मी शिकले. वीज गेली की वापरायला पायाने दाबायचा पंपही आणला. कफ साठला की नळीत बारीक गुरगुर व्हायची, तेवढीच तिची हाक. शिलाई मशीनच्या खडखडाटात ती ऐकू येत नव्हती, म्हणून मी ब्लाऊज शिवायचं बंद केलं.

ती चार वर्षांची झाल्यावर मोठं ऑपरेशन झालं. बरगडीचं मऊ हाड घेऊन श्वासनलिका रुंद केली. काही आठवड्यांनी गळ्यातली नळी काढली आणि भोकावर पट्टी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिची वेणी घालत होते. केस ओढले गेले तशी ती म्हणाली, "आई." घोगरा, फाटका आवाज. मला वाटलं शेजारच्या खाटेवरचं कुणी बोललं. मग ती परत म्हणाली. माझ्या हातातून फणी पडली.

आम्ही घरी आलो. ती दिवसभर बोलायची, आवाज काढून बघायची. शेळीला, चुलत्यांच्या गाडीला, कुणालाही हाक मारायची. यांनी तिला खांद्यावर घेऊन सगळी आळी फिरवली. "ऐकलं का? बोलती माझी पोरगी!" त्या दिवसांत मोबाईलवर तिचा आवाज भरून ठेवावा, असं आमच्यापैकी कुणालाही सुचलं नाही. आता ती जन्मभर बोलणारच होती ना.

अकराव्या दिवशी परत शिट्टी वाजायला लागली. मी ओळखली, पण बोलले नाही. संध्याकाळपर्यंत बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या. पुण्याला पोचेपर्यंत ती माझ्या मांडीवर लुळी पडली होती. आतली वाट पुन्हा आवळली होती. नळी परत बसली.

सहाव्या वर्षी दुसरं ऑपरेशन झालं, ते अकरा दिवसही टिकलं नाही. डॉक्टर भला माणूस. नजर खाली घालून म्हणाले, "आता परत उघडण्यात अर्थ नाही. मोठी झाली की बघू." बाहेर आल्यावर यांनी विचारलं, "बघू म्हणजे कधी?" मी म्हटलं, "बघू म्हणजे न्हाई."

आता ती आठ वर्षांची आहे. शाळेने घेतलं, पण आई जवळ पाहिजे या अटीवर. मी वर्गाबाहेर कफ ओढायचं मशीन घेऊन बसते. मुलं पाढे म्हणतात तेव्हा तिचे ओठ हलतात.

गेल्या महिन्यात तपासणीला गेलो होतो. तिथे तिच्याएवढाच एक मुलगा होता, त्याच्याही गळ्यात नळी. तो नळीच्या तोंडावर बोट ठेवायचा आणि बोलायचा. त्याच्या आत वाट होती, बोट ठेवलं की हवा वर तोंडाकडे जात होती. माझी मुलगी त्याच्याकडे बघत राहिली, आम्ही निघेपर्यंत.

घरी आल्यावर तिने नळीवर बोट ठेवलं. ओठ हलले, मानेच्या शिरा ताणल्या, चेहरा काळानिळा व्हायला लागला. मी बोट ओढून काढलं. "नको गं बाळा, तुझं तसं न्हाई होत." तिने मान हलवून 'का' विचारलं. मी रिफिलीचं सांगितलं, हाडाचं सांगितलं, समजेल तेवढं. तिने सगळं ऐकून घेतलं.

मी भाकरी टाकायला उठले. मागे वळून बघितलं तर तिचं बोट परत नळीवर होतं.