ठिपका नसलेलं घर

"म्हण," आई म्हणाली. "मी खोटं बोलले, सॉरी काका. म्हण लवकर."

मी बारा वर्षांची होते. टेक्सासमध्ये, प्लेनोमधल्या एका मोठ्या घरात, बैठकीच्या खोलीतल्या गालिच्यावर उभी. समोर सोफ्यावर काका. शेजारी काकू. बाबा दाराजवळच थांबले होते, आत यावं की नाही हे त्यांना कळत नव्हतं. त्याच आठवड्यात काकांनी माझ्याशी काय केलं ते मी आईला गाडीत सांगितलं होतं. आईने धीर करून काकूंना फोन केला. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तिला घेऊन इकडे या. मला वाटलं, आता काकांना बोलणी बसणार.

बोलणी मला बसली. तुमच्या घरात टीव्हीवर काय काय लावता, काकू आईला म्हणाल्या, पोरीच्या डोक्यात काहीही भरतं. ह्यांनी तुमच्यासाठी काय कमी केलं?

मी म्हटलं. "मी खोटं बोलले. सॉरी काका." मग आईने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि खाली दाबलं. वाकून नमस्कार. त्यांच्या पायांत पांढरे मोजे होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "लहान आहे. असू दे." काकूंनी सगळ्यांना चहा दिला, मला दूध दिलं. मी ते प्यायले.

वरच्या खोलीत काय झालं ते मी इथे लिहिणार नाही. ज्यांना सांगायचं होतं त्यांना ते सांगून झालं आहे.

हे काका माझे कुणी लागत नाहीत. इथे केस पिकलेला प्रत्येक मराठी माणूस काका असतो. पण नुसतं 'काका' म्हटलं की गावात सगळ्यांना हेच कळायचे. एक सुटकेस घेऊन आले, इंजिनीअर झाले, स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी काढली, हे दर गणपतीत कुणीतरी माइकवर सांगायचंच. माझे बाबा नागपूरहून त्यांच्याच कंपनीच्या व्हिसावर आले होते. नोकरी त्यांची, ग्रीन कार्डाच्या अर्जावर सही त्यांची. काका रागावले तर आम्ही परत नागपूर. हे कुणी मोठ्याने बोललं नाही. गाडीत आम्हा तिघांनाही ते माहीत होतं.

मी जळकुकडी आहे, हे सांगून टाकते. तेव्हाही होते. काकांच्या मुलीकडे पियानो होता, गाडी होती, आणि तिच्या खोलीच्या दाराला आतून लॉक होतं. मी आमच्या अपार्टमेंटच्या हॉलमध्ये झोपायचे. तिच्या पियानोचं मला काही वाटलं नाही. त्या लॉकवर मात्र मी फार जळले.

मी पंधरा वर्षांची असताना आमच्या पत्राच्या पेटीत सरकारी पोस्टकार्ड आलं. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेला एक माणूस जवळच राहायला आला होता. धोका जास्त असेल तर आमच्या राज्यात शेजाऱ्यांना असं कळवतात. कार्डावर त्याचा फोटो, उंची, वजन, पत्ता. आई हादरली. तिने ते कार्ड फ्रिजवर चिकटवलं. स्विमिंग पूलवर एकटीने जायचं नाही, लॉन्ड्रीला एकटीने जायचं नाही, कुणी हाक मारली तर थांबायचं नाही. "असल्या लोकांचा नेम नसतो बाई," ती म्हणाली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिच्या चेहऱ्यावर खरोखरची भीती होती, आणि तीन वर्षांपूर्वीचं काहीही नव्हतं.

त्या रात्री मी राज्याची वेबसाइट उघडली. ती कुणालाही उघडता येते. काउंटी, म्हणजे जिल्हा, निवडायची, नाहीतर पिन कोड टाकायचा. नकाशा येतो, त्यावर ठिपके. एका ठिपक्यावर बोट ठेवलं की एक माणूस. नाव, फोटो, घरचा पत्ता, गुन्हा कोणता, शिक्षा काय. आणि खाली एक छोटी ओळ, पीडित व्यक्तीचं वय आणि लिंग. तिचं नाव कुठेच नसतं. आमच्या पोस्टकार्डावरच्या माणसाखाली लिहिलं होतं, वय बारा, स्त्री.

मला त्या मुलीची दया आली नाही. मला तिचा हेवा वाटला. तीही बारा वर्षांची, मीही. पण तिने सांगितलं तेव्हा कुणीतरी ऐकलं. तिला कुणीतरी गाडीत घालून पोलिसांकडे नेलं असेल. कुणीतरी लिहून घेतलं, कुणीतरी कोर्टात तिच्या बाजूने उभं राहिलं, आणि शेवटी सरकारने तिची ती एक ओळ छापली. माझ्या आईने मला दूध पाजून घरी आणलं.

मग मला चटकच लागली. इतर मुली मैत्रिणींचे फोटो बघून जळायच्या, मी ठिपके बघून. खाली जाऊन वय वाचायचं. नऊ, चौदा, बारा. अनोळखी, बिननावाच्या मुली, आणि मी प्रत्येकीवर जळायचे. शेवटी दर वेळी काकांच्या मोठ्या रस्त्यावर यायचे. तिथे एकही ठिपका नव्हता. असणार कसा? त्या यादीत यायला आधी गुन्हा सिद्ध व्हावा लागतो. त्याआधी कुणीतरी तक्रार करावी लागते. माझ्या घरी तक्रारीचं सॉरी झालं होतं.

वाचता वाचता नियमही कळले. घर बदललं, नोकरी बदलली, तर कळवायचं. आणि वर्षातून एकदा, वाढदिवसाच्या आसपास, पोलिसांकडे जाऊन सगळी माहिती खरी आहे हे तपासून द्यायचं. काहींना तर दर तीन महिन्यांनी जावं लागतं. वाढदिवसाला एक पोलीस टेबलापलीकडून तुमच्या तोंडाकडे बघतो. हे मला फार आवडलं होतं, का ते तेव्हा कळलं नाही.

या वर्षी काकांची पंचाहत्तरी झाली. बँक्वेट हॉल, झेंडूची तोरणं, पंचाहत्तर दिव्यांनी औक्षण. आम्ही तिघेही आता इथले नागरिक आहोत. बाबांनी ती नोकरी केव्हाच सोडली आहे. मी स्वतः कमावते, वेगळी राहते. तरी आईचा फोन आला, तू नाही आलीस तर वाईट दिसेल. मी गेले. वीस वर्षं जायची सवय होती, एवढंच.

जेवणाच्या रांगेत मृण्मयी भेटली. ॲरिझोनातल्या चँडलरहून नुकती बदलून आलेली, कॉम्प्युटर चिप्सच्या कंपनीत इंजिनीअर, हसरी. फोर्थ ग्रेडमधली मुलगी हात धरून उभी होती. मृण्मयीने काकांच्याच रस्त्यावर घर घेतलं होतं.

"अगं, आम्ही घर बघताना पहिलं ते ऑफेंडर्सवालं मॅप चेक केलं," ती म्हणाली. "आधीच्या अपार्टमेंटजवळ तीन डॉट होते, यार. इथे एक पण नाही. आणि काका स्वतः हिला मॅथ शिकवतात, शनिवारी. मी तासभर ग्रोसरी करून येते."

माझ्या हातातली प्लेट कलली, आमटी सांडली. मृण्मयी टिश्यू घेऊन पुसू लागली. किती काळजी घेणारी आई. नकाशा बघून घर घेते. तेवढ्यातही मला तिच्या मुलीचा हेवा वाटला, माझी जात बघा. आणि मग तिचा शनिवारचा गणिताचा तास आठवला.

तेवढ्यात औक्षण सुरू झालं. एकेक बाई पुढे जात होती. काका खुर्चीवर, कपाळावर मोठं कुंकू. काकूंनी माईकवरून माझं नाव घेतलं. ही आमच्या घरचीच मुलगी, हिला आम्ही वाढताना पाहिलं. आईने कोपराने मला ढकललं. "जा ना," ती म्हणाली. काकूंनी निरांजनांचं तबक माझ्यापुढे धरलं.

मी ते घेतलं नाही.

"मी ओवाळणार नाही," मी म्हटलं. माईक जवळच होता, सगळीकडे ऐकू गेलं. "मी बारा वर्षांची असताना काकांनी त्यांच्या घरात वरच्या खोलीत माझ्याशी घाण केली. मी खोटं बोलले नव्हते."

काकू म्हणाल्या, ही पहिल्यापासून अशीच आहे. काका निरांजनांकडे बघत राहिले. कुणीतरी घाईघाईने गाणी लावली. बायका साड्या सावरू लागल्या. बाबा उठून बाहेर गेले.

मृण्मयीने प्लेट खाली ठेवली आणि मुलीला उचललं. चौथीतली मुलगी, चांगली जड. तिला कडेवर घेऊन ती सरळ दाराकडे निघाली. मुलगी विचारत होती, "ममा, व्हाय आर वी लीव्हिंग? केक इजन्ट इव्हन कट येट." मृण्मयीने मला पुरावा मागितला नाही. काकांचं काय म्हणणं आहे हेही विचारलं नाही. मुलीला उचललं आणि गेली.

मी पार्किंगमध्ये गाडीत बसून ओरडून रडले. लोकांना वाटलं असेल भीतीने, नाहीतर लाजेने. मी हेव्याने रडले. असं करता येतं, आणि इतकं सोपं आहे, हे मला कधी कळलंच नव्हतं.

सोमवारी पोलिसांकडे गेले. डिटेक्टिव्ह बाई होती, माझ्याच वयाची. अशा गुन्ह्यात खटला भरायला आमच्या राज्यात कालमर्यादा नाही, ती म्हणाली. मी सगळं इंग्रजीत सांगितलं. इंग्रजीत सोपं गेलं. तिथे काकांनाही 'he', पोस्टकार्डावरच्या माणसालाही 'he'. त्यांनी, त्यांचं, ते म्हणाले, असलं काही नाही. इतकी वर्षं मी ज्याच्यावर थुंकत होते त्याला मनातल्या मनातसुद्धा अहोजाहो करत होते, हे मला तिथल्या खुर्चीत कळलं. त्या दिवसापासून मी त्याला 'तो' म्हणते.

डिटेक्टिव्हने खोटी आशा दाखवली नाही. प्रकरण जुनं आहे, त्याला मोठमोठे लोक ओळखतात. त्याच्या वकिलाच्या हातात पहिली गोष्ट येईल ती माझी माफी. तू स्वतः सर्वांसमोर म्हणालीस ना, खोटं बोलले? ती माफी का मागितली गेली हे सांगू शकेल असं एकच माणूस आहे, तुझी आई. पण गुन्हा सिद्ध झाला तर तो यादीत येईल, बहुतेक जन्मभरासाठी. पंचाहत्तरी झाली म्हणून सूट नाही.

आई काल आली. चपला न काढता दारातच उभी राहिली. गावभर झालं, म्हणाली. त्यांचं वय झालं, आता काय मिळणार तुला? मी म्हटलं, मला तो नकाशावर हवाय, त्याच्या स्वच्छ रस्त्यावर, त्याच्या घरावर. आणि खाली माझी ओळ हवी आहे. वय बारा, स्त्री. इतर मुलींना मिळाली, मला का नाही? आई रडायला लागली. पण रडता रडता तिने जे म्हटलं ते मी विसरणार नाही.

"निदान एकेरी तरी बोलू नकोस गं त्यांना."

मी तिला पाणी दिलं. मग सांगितलं की साक्षीला बोलावलं तर तिला शपथ देतील. मला काही आठवत नाही असं सांगेन, ती म्हणाली. मी म्हटलं, सांग. मग मी एकटी सांगेन. त्याचं पूर्ण नाव घेईन, आडनावासकट, आणि तो म्हणेन. जितक्यांदा विचारतील तितक्यांदा.