दाराजवळची जागा

कारागृहाच्या महिला बराकीत मी आठवड्यातून दोनदा शिवण शिकवते. नवी आलेली बाई बहुतेक वेळा दाराजवळच बसते, गाठोडं मांडीवर घेऊन. परवा आलेली सुमनही तशीच बसली होती. आल्यापासून जेवली नव्हती. "वकील येतायत, मी जाणारच आहे," एवढंच म्हणत होती.

जुन्या गिरिजामावशी म्हणाल्या, "जा की! पण चालायला त्राण नको? वकील काय कडेवर घेऊन जाणारेत?" सगळ्या हसल्या. सुमननं खाली मान घालून चार घास खाल्ले.

रडणाऱ्यांची मला फारशी काळजी नसते. काळजी वाटते ती अशा वाट बघणाऱ्यांची.

मी निघताना तिनं मावशींना हळूच विचारलं, "सकाळी पाणी किती वाजता येतं?"

"सहाला," मावशी म्हणाल्या. या वेळी कुणी हसलं नाही.